वरच्या जिन्यातली तार

१. टोकं

तार कापलेली होती. झिजलेली नव्हे, ओढाताणीत तुटलेली नव्हे, आणि उंदराचं नाव घेऊन मोकळं व्हावं तर उंदीर काही पट्टी लावून कापत नाही. एका घावात, सरळ आणि स्वच्छ कापलेली होती.

"या आठवड्यातली तिसरी वेळ," गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात शिडीवर चढलेली भाची म्हणाली. "मावशी, मी आता इथेच पथारी टाकू का?"

मावशी खाली शिडी धरून उभी होती. तिने वर पाहिलं. भाचीचे डोळे लाल झाले होते. रडून की जागून, हे विचारायची काही मावशीला हिंमत झाली नाही. या भानगडीत पोरीला ओढलं होतं ते तिनेच.

त्याचं असं झालं. या इमारतीत वर्षानुवर्षं मोठ्या कंपनीचं इंटरनेट होतं. कंपनी एवढी मोठी की तिच्या जाहिराती गावभर आणि नेट मात्र कुठेच नाही. ढग आला की जायचं, ऊन पडलं की जायचं, आणि एरवी चालायचा कंटाळा आला म्हणून जायचं. भाचीची कंपनी म्हणजे स्वतः भाची, एक स्कूटर, काचेची तार जोडायचं एक यंत्र आणि घरात चपलांच्या कपाटावर मांडलेले लुकलुकणारे चार डबे. मोठ्या कंपनीतली पक्की नोकरी सोडून तिने हा संसार मांडला होता. नातेवाइकांत कुणी तिला शहाणी म्हटलं नव्हतं, एक मावशी सोडून.

इमारतीने महिनाभर आजमावून बघायचं ठरवलं. आता रविवारी सोसायटीची सभा होती. इथे होकार मिळाला तर शेजारच्या दोन इमारती यायला एका पायावर तयार होत्या. नकार मिळाला तर स्कूटर विकायची, डबे उचलायचे आणि मान खाली घालून मोठ्या कंपनीत परत जायचं. "माझी भाची आहे, डोळे मिटून घ्या," असं मावशीने दारोदार सांगितलं होतं. लोकांनी बिचाऱ्यांनी डोळे मिटले आणि तेवढ्यात कुणीतरी तार कापली.

आता मावशीसुद्धा काही ऐरीगैरी नव्हती हं. उभी हयात तिने विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवली होती. जळालेल्या दुकानांत, बुडालेल्या गोदामांत पदर खोचून उभं राहायचं आणि रडणाऱ्या मालकाला गोड आवाजात एकेक प्रश्न विचारायचा, हे तिचं काम. एकदा एक दुकान जळून खाक झालं होतं. मालक छाती पिटत होता. मावशीने सहज विचारलं, "तुमचं मांजर दिसत नाही ते?" मांजर आदल्या दिवशीच मालकाच्या बहिणीकडे पाहुणं म्हणून गेलं होतं. दावा तिथेच निकाली निघाला. घात करणारा माणूस घाताआधी काहीतरी तयारी करतोच, बाकी सगळं बाजूला ठेवून ती तयारी तेवढी शोधायची, अशी मावशीची पद्धत होती.

"ती टोकं जरा पुन्हा दाखव बघू," मावशी म्हणाली.

भाचीने दाखवली. कापणाऱ्याने तार भिंतीवरच्या पट्टीतून अलगद सोडवली होती. दोन्ही बाजूंना वीतभर मोकळी ठेवली होती. वर, टोकांना धूळ लागू नये म्हणून त्यांना प्लास्टिकचा तुकडा गुंडाळून रबर लावलं होतं.

"तिन्ही वेळा अशीच होती?"

"अगदी अशीच. पाच मिनिटांत जोडून होते. मलाही इतकं नीटनेटकं जमत नाही."

मावशीच्या कपाळावर आठी पडली. तीस वर्षांत तिने नाना तऱ्हेचे घात पाहिले होते, पण ज्याचा घात केला त्याच्या सोयीची एवढी काळजी घेणारा मेला एकही पाहिला नव्हता.

२. मेहुण्याचे मेहुणे

संशय घ्यायचा तर पहिला मान चेअरमनसाहेबांचा. त्यांचा सख्खा मेहुणा मोठ्या कंपनीत साहेब होता आणि चेअरमनबाई माहेरच्या माणसाविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नसत. छोट्या कंपनीचा विषय निघाला तेव्हा "हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा" असं चेअरमन सभेत म्हणाले होते. त्यावर "हत्ती मेलाय हेच तर आम्ही म्हणतोय" असं उत्तर देऊन ज्यांनी सभा जिंकली ते तिसऱ्या मजल्यावरचे नाना.

नानांबद्दल सांगायलाच हवं. पूर्वी नाना एका वास्तुविशारदाकडे इमारतींचे नकाशे काढायचे. हल्ली ते एकटे राहायचे आणि मोठ्या कंपनीकडे तक्रारी करायचे. नेट गेलं की सगळी इमारत नानांकडे. टेबलावर मधोमध फोन, स्पीकर चालू, भोवती माणसं, आणि पलीकडून 'आपला कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे' या वाक्याचं अखंड पारायण. कुठला आकडा दाबला की जिवंत माणूस लाभतो हे फक्त नानांना ठाऊक. पोरंटोरं त्यांना तक्रारनाना म्हणायची. नवं नेट आलं ते त्यांच्या हट्टापायी, तार बसवताना भाचीचं स्टूल धरायलाही तेच एकटे होते, त्यामुळे त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे नवरदेवानेच मांडव जाळला म्हणण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी गेली तेव्हा चेअरमन घरात गंजिफ्रॉकवर बसून नखं कापत होते.

"तार मी कापली असं म्हणायचंय तुम्हाला?" ते गरजले. "मावशी, मी आडपडदा ठेवणारा माणूस नाही. मला कापायचीच असती तर अशी नाजूक कापली असती? मुळापासून उपटून, वेटोळं करून, तुमच्या दारात आणून टाकली असती!"

"तेही खरंच," मावशी म्हणाली आणि मनातल्या मनात त्यांच्या नावापुढे फुली मारली. ज्याला नेट कायमचं घालवायचं आहे तो टोकांना रबर कशाला लावेल?

"आणि नेट गेलं तेव्हा कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? नानांकडे गेलो, सगळे जातात तसा. पण मेलं तिथेही काय मान राहिलेला नाही. मी पोचेपर्यंत खुर्च्या भरलेल्या. मला स्टूल! चेअरमनला स्टूल! ते तर ते, बिस्किटंसुद्धा मोडकी उरली होती." त्यांनी नख कापायचं थांबवलं आणि आवाज खाली आणला. "मला काय विचारता, पहिल्या मजल्यावर जा. दिवसभर हातात कात्री घेऊन फिरते ती बाई."

३. तिरकी कात्री

पहिल्या मजल्यावरच्या बाईंना इमारत झाडवाली म्हणायची, आणि त्यात काही चूक नव्हती. त्यांच्या घरात माणसाने बसायचं तर आधी कुंडीला विचारावं लागे. नव्या नेटची तार त्यांच्या दरवाज्यावरून खाली गेली होती आणि तिच्यामुळे आपल्या वेलीची पानं पिवळी पडतात असं त्यांचं ठाम मत होतं.

"तारेतून काहीतरी गळतं हो," त्या म्हणाल्या. "दिसत नाही, पण गळतं."

"तिच्यात नुसता उजेड असतो, बाई."

"मग उजेड गळतो!"

टेबलावर छाटणीची कात्री पडली होती, चांगली धारदार. मावशीने तिच्याकडे बघितल्यासारखं केलं नाही. पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून तिने बाईंसमोर ठेवला. "जरा फोडता का? माझ्या हातांना जोर नाही."

झाडवालीने कात्री उचलली आणि पुड्याचं तोंड कच्चकन तिरकं छाटलं. इतकं तिरकं की दोन बिस्किटं मांडीवर सांडली.

"अगं बाई! सवयच लागली बघा," त्या ओशाळून हसल्या. "फांदी तिरकीच कापायची असते ना, पाणी साचू नये म्हणून. मला आता सरळ येतच नाही. जावयाच्या दुकानाची फीतसुद्धा तिरकी कापली मी. फोटोत सगळे वाकडे दिसतात."

मावशीने दुसरी फुली मारली. जिन्यातल्या तारेचा काप पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. शिवाय या बाईला तार छळत होती ती स्वतःच्या दारावर. तिसऱ्या मजल्याच्या वर जाऊन कापून पानांना काय हिरवाई येणार होती?

"आणि नेट गेल्यावर तुम्ही काय केलंत?"

"गेले की नानांकडे! खरं सांगू, मला बरंच वाटलं. कितीक दिवसांत जाणं झालं नव्हतं. आणि माणूस किती लक्षात ठेवतो! माझा बिनसाखरेचा चहा वेगळा काढून ठेवलेला. माझ्या घरच्यांना अजून आठवत नाही मी साखर घेत नाही ते."

राहता राहिला मीटिंगवाला. हा मावशीच्या समोरच्या घरात राहणारा सॉफ्टवेअरचा मुलगा. कमरेच्या वर इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी, आणि दिवसभर लॅपटॉपला "हो सर, बरोबर सर" म्हणत बसलेला. पहिल्या दोन्ही वेळा नेट गेलं ते बरोबर त्याच्या साहेबाच्या लांबलचक मीटिंगमध्ये.

"मावशी, तुम्हाला खरं सांगतो," तो म्हणाला. "पहिल्यांदा नेट गेलं तेव्हा मी आनंदाने नाचलो. दुसऱ्यांदा गेलं तेव्हा भाचीच्या नावाने पेढे... म्हणजे, वाईट वाटलं मला."

"कळलं वाईट वाटलेलं. म्हणजे तू कापलीस?"

"पण काल कसा कापेन? काल माझी सुट्टी होती! खेळात शेवटच्या फेरीत पोचलो होतो. समोरचा गडी आडवा झालाच होता, आणि नेट गेलं." त्याचा आवाज अजून कातर होत होता. काल दुपारी इमारतीभर ऐकू आलेली किंकाळी कुणाची, याचा उलगडा मावशीला झाला. "हेडफोन फेकून तसाच वर धावलो नानांकडे. त्यांनी काही न विचारता वाफाळता कप हातात दिला, म्हणून सावरलो."

तिसरी फुली. मावशी जिन्यात आली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. संशयित संपले होते आणि तार कापणारा शिल्लक होता. तेवढ्यात खालून चेअरमन वर येताना दिसले. त्यांच्या चेहऱ्यावर, परीक्षेत शेजाऱ्याचं उत्तर दिसल्यासारखा आनंद होता.

४. घरचा चोर

"सापडला चोर," चेअरमन म्हणाले. "मावशी, तुम्हीच मला सांगितलंत ना, टोकं जोडायला सोपी ठेवली होती म्हणून? मग मला सांगा, तार जोडायची कुणाला असते?"

चेअरमन आणखी एक पायरी वर चढले.

"पंधरा दिवस नेट सुरळीत चाललं. कुणाला तुमच्या भाचीची आठवणसुद्धा राहिली नाही. मग सभेच्या तोंडावर तार कापली जाते, ही पाच मिनिटांत हजर, पाच मिनिटांत नेट चालू, आणि सगळी इमारत म्हणते, वा! काय तत्पर पोरगी आहे! मोठ्या कंपनीला हेच करायला चार दिवस लागले असते! स्वतःच आग लावायची आणि स्वतःच बंब घेऊन यायचं. तुमच्या विमा कंपनीत याला काय म्हणायचे हो?"

विमा कंपनीत याला काय म्हणायचे ते मावशीला चांगलंच माहीत होतं.

"उद्या रविवारच्या सभेत हे मांडणार आहे मी," चेअरमन म्हणाले. "चोर तुम्ही दाखवा, नाहीतर मी दाखवतो." आणि एकेक पायरी मोजल्यासारखे, रुबाबात खाली उतरले.

मावशीला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त राग आला तो त्यांचं म्हणणं पटण्यासारखं असल्याचा. सरळ काप. हातखंड्याचं काम. जोडणाऱ्याची सोय. परक्याच्या पोरीबद्दल हे ऐकलं असतं तर तिने एव्हाना दावा फेटाळलासुद्धा असता.

मावशी तडक भाचीच्या घरी गेली. भाची चपलांच्या कपाटासमोर, कुणाचं नेट चालू आहे ते दाखवणाऱ्या छोट्या पडद्यापुढे बसून जेवत होती. मावशीने पाण्याचा पेला हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला.

"विचार काय विचारायचं ते," भाची म्हणाली. "तुझा तो कामाचा चेहरा झालाय."

"तू कापलीस का गं?"

भाचीचा घास हातातच राहिला. "तू मला हे विचारतेस?"

"मी सगळ्यांना विचारलं. तुला नाही विचारलं तर चेअरमन म्हणणार, घरच्यांना सूट."

"मावशी, अगं, मी त्या जिन्यात पायसुद्धा कधी ठेवते? तार गेल्यावर! काल तर मी अशीच जेवायला बसले होते, इथेच, या पडद्यासमोर. नानांचा फोन आला, तारवाली, नेट गेलं. मी पडद्यावर बघितलं तर तुमच्या इमारतीचा दिवा हिरवागार. मी म्हटलं, नाना, चालू आहे की. ते म्हणाले, थांब, थांब जरा. आणि मग झाला लाल. आता हा पडदा जुना आहे, मंद आहे, पण तोसुद्धा माझाच दोष म्हण! सगळं माझंच चुकलं. नोकरी सोडली तेही चुकलं." तिने ताट बाजूला सारलं आणि आता मात्र ती खरोखर रडायला लागली.

मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, पण हात मध्येच थांबला.

"थांब," ती म्हणाली. "आधी फोन आला आणि मग लाल झाला?"

"हो. म्हटलं ना, पडदा मंद आहे."

"पडदा मंद नाही, पोरी," मावशी म्हणाली. "मीच मंद. तीन-तीन माणसांनी माझ्यापुढे मांजर आणून ठेवलं आणि मला दिसलं नाही." आणि न जेवताच ती उठली.

५. सहा खुर्च्या

दुपार कलली होती. नानांनी दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"या, या मावशी! नेट गेलं का?"

"नाही. चालू आहे."

"मग तुम्ही कशा आलात?" नानांनी विचारलं. त्यात खोच नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि तो प्रश्न ऐकून मावशीला रागवायचं होतं तेवढं रागावता येईना.

ती आत आली. टेबलाभोवती सहा खुर्च्या मांडलेल्या होत्या. भिंतीला नकाशे काढायची मोठी पट्टी लटकत होती, आणि खाली खिडकीत धारदार पातं, पुसून ठेवलेलं.

"नाना, मी तुम्हाला एक हिशेब सांगते, चुकला तर थांबवा," मावशी म्हणाली. "सहा माणसांच्या चहाला आधण यायला वेळ लागतो. एकट्या माणसाच्या घरात सहा कप धुऊन पुसून तयार नसतात. काल नेट गेल्या गेल्या मीटिंगवाला धावत वर आला तर त्याच्या हातात वाफाळता कप. झाडवालीचा बिनसाखरेचा आधीच वेगळा काढलेला. खुर्च्या मांडलेल्या, बिस्किटं बशीत. नेट जाणार हे ज्याला आधी माहीत नाही तो एवढी तयारी कशी करेल?"

नानांनी एक खुर्ची उगीचच सरळ केली.

"भाचीला तुमचा फोन आला तेव्हा नेट चालू होतं. तुम्ही फोन कानाला धरून जिन्यात स्टुलावर उभे होतात आणि दुसऱ्या हातात पातं होतं. काप सरळ, कारण तुम्हाला आयुष्यात वाकडी रेघ मारता आली नाही. टोकं वीतभर मोकळी, कारण भाची तार बसवत होती तेव्हा सगळी इमारत आपापल्या घरी होती आणि तुम्ही एकटेच स्टूल धरून तिला विचारत होतात, जोडायला किती मोकळी लागते म्हणून. बोला, कुठे चुकले का?"

"रबराचं राहिलं," नाना हळूच म्हणाले. "धूळ बसली तर जोड नीट बसत नाही असं ती म्हणाली होती. म्हणून रबर लावलं."

"उपकार झाले!" आता मात्र मावशीचा आवाज चढला. "नेट यावं म्हणून चेअरमनशी भांडलात तुम्ही! आणि तुम्हीच तार कापलीत? का?"

नानांनी एका खुर्चीची पाठ धरली. "मोठी कंपनी होती तेव्हा आठवड्यातून चारदा हे घर भरायचं, मावशी. सगळे शिव्या द्यायचे कंपनीला, मीही द्यायचो. वाटायचं, एकदा हे संकट गेलं की किती बरं होईल. मग तुमची भाची आली आणि नेट चाललं. नुसतं चाललं! पंधरा दिवस माझं दार कुणी वाजवलं नाही. एकदा वाजलं, मी धावत गेलो, तर पार्सलवाला. तोही चुकून आलेला." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "लढाई जिंकली आणि सैन्य आपापल्या घरी गेलं. मी म्हटलं, एकदाच कापू. सगळे आले. इतकी मजा आली की मग..."

मावशीला आठवलं, आपणही आलो नव्हतो. खालच्याच मजल्यावर राहून पंधरा दिवसांत एकदाही नाही. तिला आपलीच लाज वाटली. पण लगेच भाचीचं बाजूला सारलेलं ताट डोळ्यांपुढे आलं.

"नाना, त्या पोरीला उद्या चोर ठरवणार आहेत. स्कूटर विकावी लागेल तिला. सभेत तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल, आणि मला ते करायला लावू नका."

नाना खिडकीबाहेर बघत राहिले. हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत.

६. सभा

सभा इमारतीखाली, गाड्या लावायच्या जागेत. चेअरमन इस्त्रीचे कपडे घालून आले होते. भाची एका खांबाशी उभी होती. सगळे होते, फक्त नाना नव्हते.

चेअरमनांनी आग लावणाऱ्याची आणि बंबाची गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली. माना हलायला लागल्या. झाडवाली "अगं बाई" म्हणाली. मीटिंगवाला भाचीकडे बघायचं टाळू लागला.

"तर मावशी," चेअरमन म्हणाले, "तुमच्याकडे दुसरं कुणाचं नाव असेल तर सांगा. नाहीतर मतदान घेतो."

मावशीने जिन्याकडे पाहिलं. जिना रिकामा. तिने भाचीकडे पाहिलं. मग ती उठून उभी राहिली. तीस वर्षांत नाव सांगताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती. आज अडखळली.

"नाव आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "तार कापली ती..."

"मी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. नाना जिन्यातून खाली येत होते. "मीच कापली. तिन्ही वेळा."

"तुम्ही?" चेअरमनांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांची सुंदर गोष्ट कुणीतरी मधूनच कापली होती. "अहो, पण तुम्हीच तर... का पण?"

मोठ्या कंपनीशी फोनवर तास तास भांडणारा हा माणूस, पण आज त्याला शब्द सापडेना. सगळे वाट बघत होते.

"करमत नव्हतं," नाना म्हणाले.

मग झाडवाली भडकली. "अहो, मग हाक मारायची! तोंड नव्हतं का तुम्हाला? मी रोज आले असते. मला कुठे कुंड्यांशी बोलायची हौस आहे?"

"मीही आलो असतो," मीटिंगवाला म्हणाला. "निदान शेवटची फेरी संपल्यावर."

पण भाची पुढे आली. तिला काही दया बिया आलेली नव्हती. "तुम्हाला करमत नव्हतं म्हणून मला झोप नव्हती, नाना. मी स्वतःच्या जोडणीवर संशय घेतला. स्वतःच्या अकलेवर घेतला. माझ्या मावशीने माझ्यावर घेतला!" मावशीने मान खाली घातली. "मी हे विसरणार नाही."

"नको विसरूस," नाना म्हणाले. "सांग काय करू?"

"मी शिडीवर असते आणि फोन वाजतो. एका हाताने तार धरते, दुसऱ्याने फोन, आणि कुठल्या हाताने शिडी धरायची ते देवालाच माहीत. उद्यापासून माझ्या कंपनीचा फोन तुमच्याकडे. सगळ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी तुम्ही ऐकायच्या. लोकांना ताटकळत ठेवायचं नाही, आकडे दाबायला लावायचे नाहीत, आणि कुणी चिडलं तर उलट चिडायचं नाही."

"म्हणजे ज्याने तार कापली त्यालाच नोकरी?" चेअरमन ओरडले.

"शिक्षा आहे ती," मावशी म्हणाली. "दुसऱ्याची तक्रार शेवटपर्यंत ऐकायची, साहेब. तुम्ही दोन दिवस करून बघा."

मतदान झालं. सगळे हात वर. चेअरमनांचा अर्धाच वर होता. "मेहुण्याला काय सांगू मी?" ते केविलवाणे होऊन म्हणाले.

"काही सांगू नका," मीटिंगवाला म्हणाला. "त्याच्याकडे त्याच्याच कंपनीचं नेट आहे. निरोप पोचायचा नाही."

शेजारच्या दोन्ही इमारतींत तार गेली. भाचीने स्कूटर विकली नाही, उलट मागे शिडी अडकवायला तिला पट्ट्या लावून घेतल्या. नानांशी मात्र ती बरेच दिवस फक्त कामापुरतंच बोलायची, आणि नाना ते निमूट ऐकून घ्यायचे.

मावशीला एक काळजी लागून राहिली. नेट असं चालत होतं की तक्रार करायला जागाच नव्हती. फोन नानांच्या टेबलावर, आणि तो वाजणार कधी? पुन्हा त्यांना एकटं वाटायला लागलं तर? म्हणून एका दुपारी हातातलं काम टाकून, आज चांगला तासभर बसून यायचं असं ठरवून ती वर गेली आणि तिने दार वाजवलं.

बराच वेळ कुणी उघडेना. मग दार थोडंसं उघडलं. नानांच्या खांद्याने फोन कानाशी दाबून धरला होता.

"नाही हो आजी, नेट तुमचं उत्तम चाललंय, मी बघितलं," ते फोनवर सांगत होते. "ते राहू द्या. पण मग सूनबाई काय म्हणाली त्यावर? काय सांगता! अहो, आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

त्यांनी मावशीकडे पाहिलं, फोनवर हात ठेवला आणि घाईघाईने कुजबुजले, "मावशी, राग मानू नका, नंतर या. मी कामात आहे. अजून दोन जण ताटकळलेत." आणि दार लावून घेतलं.

मावशी बंद दारासमोर उभी राहिली. आतून नाना खदखदून हसल्याचा आवाज आला. तिला इतकं बरं वाटलं की ती तिथेच पायरीवर बसली, आणि वर कपडे वाळत घालायला निघालेल्या चेअरमनबाईंनी "काय झालं हो, नानांना काही झालं का?" असं घाबरून विचारलं, तेव्हा डोळे पुसत म्हणाली, "काही नाही. त्यांना वेळ नाही म्हणे."